फिरायला गेलेलं मूत्रपिंड

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईरा पाठांतर करत होती. प्राण्यांच्या डॉक्टरकीचं पहिलं वर्ष, दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि विषय कुत्र्याच्या आणि मांजराच्या मूत्रपिंडांतला फरक. ती अडखळली तेव्हा मी इकडून सांगून टाकलं, की मांजराचं मूत्रपिंड जास्त गोल असतं, रंगानं जरा पिवळसर असतं, वरून शिरांची जाळी दिसते, आणि डावं उजव्यापेक्षा सैल असतं. ईरा पेन तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी हे कुठल्या व्हिडिओत पाहिलं असं तिनं विचारलं, आणि निहारनं मागून जाहीर केलं की आजीनं गूगल उघडून ठेवलंय.

गूगल उघडलेलं नव्हतं. मी जन्मभर मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, तेव्हा मूत्रपिंडांशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं हे खरं आहे. तो संबंध एका माणसामुळे आला. त्या माणसाबद्दल तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि आता ईराला विषय लागला आहे, तर ही वेळ बरी. मराठीत लिहिते, कारण तो माणूस इंग्रजीत मावत नाही. अडेल तिथे बाबाला विचारा.

नाव लिहीत नाही. सगळी गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणायची.

कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी डॉक्टर आपले दोन्ही हात काखेत घालून उभे राहायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे चिडले आहेत. ते चिडलेले नसायचे, हात गरम करत असायचे. "गार हात कुनाच्या पोटाला लावू ने," असं ते म्हणत. मग हात पोटाखाली जायचे आणि डोळे मिटले जायचे. मालक घाबरून काय दिसतंय असं विचारायचा, तर हे डोळे न उघडता सांगायचे, "डोळं मिटा, मंग दिसंल."

पहिल्यांदा आलेल्या जनावराला ते "या पावणं" म्हणत. एकदा एक निवृत्त प्राचार्य आपलं पांढरं झिपरं कुत्रं घेऊन आले आणि त्या स्वागताला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "तुमास्नी न्हवं, ह्येंच्याशी बोलतोय." प्राचार्य पुन्हा आले नाहीत. कुत्र्याला मात्र त्यांच्या सूनबाई आणायच्या.

डॉक्टरांची सगळी नोकरी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात, कधी गारगोटीला, कधी मुरगूडला, म्हशींच्या संगतीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या घरासमोरचा तळमजल्यावरचा गाळा भाड्यानं घेतला आणि म्हशींची वाट बघत बसले. शहरात म्हशी येईनात. पहिला रोगी आला तो स्वेटर घातलेला, चपट्या तोंडाचा पग. डॉक्टरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मालकिणीला विचारलं, की ह्याचं नाक घरी ऱ्हायलंय काय.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आता कुत्र्या-मांजरांचा अभ्यास करायचा. वय साठ. पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. अक्षर इतकं बारीक की त्यांच्या चष्म्याला झेपेना. मग एका दुपारी ते पुस्तक काखेत मारून आमच्या दारात उभे राहिले. "बाई, तुमी इंग्लिशच्या. तुमी वाचा, म्या समजून घेतो."

अशी आमची शाळा सुरू झाली. रोज चार ते पाच. मी वाचायची आणि ते ऐकायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उच्चार स्वच्छ होते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आठवडाभरात मी पुस्तकाला रंगीत खुणा लावल्या, वही केली, वहीला अनुक्रमणिका केली. डॉक्टर म्हणायचे, म्हशीसुद्धा एवढ्या शिस्तीत दूध देत नाहीत.

मूत्रपिंडाच्या प्रकरणाशी ते बरेच दिवस अडून बसले. गाई-म्हशींचं मूत्रपिंड वरून खंडाखंडांचं असतं, द्राक्षाच्या घडासारखं. जन्मभर तेच बघितल्यामुळे कुत्र्याचं गुळगुळीत मूत्रपिंड हा त्यांना आपला वैयक्तिक अपमान वाटला. हा तर नुसता गोटा आहे, ह्यात देवानं काम काय केलंय, असं ते दोन दिवस पुटपुटत होते.

मग एका बुधवारी, म्हणजे अर्ध्या कोल्हापुरात मटणाचा रस्सा शिजतो त्या दिवशी, ते कागदात काहीतरी बांधून आले आणि मला दवाखान्यात बोलावलं. आपल्या लिंगायत घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. कागदात बकऱ्याचे दोन गुर्दे होते. कुत्रं काही कापायला मिळत नाही, पण बकऱ्याचं मूत्रपिंड बाहेरून आणि आतून बरंचसं कुत्र्यासारखंच असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माझ्याकडे ताट मागितलं. मी दिलं नाही. तेव्हा स्वतःच्या डब्याचं झाकण घेतलं, गुर्दा त्यात ठेवला आणि मला म्हणाले, डोळे मिटा.

मी मिटले, मुख्यतः बघायला लागू नये म्हणून. पण खरं सांगते, डोळे मिटल्यावर ते मटण राहिलं नाही. एक घट्ट, गुळगुळीत वस्तू, घेवड्याच्या बीच्या आकाराची, एका बाजूला खाच. त्या खाचेतून नळ्या आत-बाहेर जातात हे मी शंभरदा वाचलं होतं. बोटाला ते एकदाच कळलं. मग त्यांनी तो उभा चिरला. बाहेर गडद पट्टा, आत फिकट भाग आणि मधोमध एकच उंचवटा, जिथून लघवी ठिबकते. कुत्र्यातही एकच आणि मांजरातही एकच, आत दोघं भावंडं आहेत, असं ते म्हणाले. मी पृष्ठ क्रमांक सांगितला.

घरी येऊन मी आंघोळ केली. तोवर त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं की बाईंनी आज बुधवार पाळला. भाजीवाली पुढचा महिनाभर मला विचारायची, कोथिंबीर रश्श्याला पाहिजे का.

मांजराच्या मूत्रपिंडासाठी कुठल्याच दुकानात सोय नव्हती. त्या वर्षीची कांदा-लसूण चटणी करण्यासाठी मी मसाला निवडत बसले होते. डॉक्टरांनी येऊन सुपात हात घातला आणि जायपत्रीसकट एक जायफळ उचललं. अगदी असंच, असं म्हणाले. आत गोलसर गर आणि वरून जाळी, सगळ्या शिरा एका खाचेकडे वळलेल्या. आणि मांजराच्या मूत्रपिंडात चरबी जास्त, म्हणून रंगही कुत्र्यासारखा काळपट लाल नाही, पिवळट.

जागेचा फरक त्यांनी सरकारी भाषेत शिकवला. कुत्र्याचं उजवं मूत्रपिंड पुढे बरगडीखाली, यकृताच्या खोबणीत बसलेलं असतं. ते परमनंट. जागा सोडत नाही, आणि जाड कुत्र्यात तर भेटायलाच मिळत नाही. कुत्र्याचं डावं जरा मागे, जरा मोकळं. मांजराची दोन्ही लोंबती, दोन्ही हाताला लागणारी, आणि त्यातलं डावं कायम डेप्युटेशनवर. आज इथे, उद्या तिथे.

हा धडा त्यांनी दिला त्याचं कारण मी होते, हे सांगायला हवं, नाहीतर मी फार शहाणी दिसेन. तेव्हा आपल्याकडे चिमी मांजर होती. तिचं पोट चोळताना मला एक गाठ लागली. मी कुणाला बोलले नाही. रोज सकाळी तपासून नोंद ठेवली. सोमवारी गाठ डावीकडे मध्यावर. मंगळवारी दोन बोटं मागे. बुधवारी खाली. गुरुवारी सापडली नाही. शुक्रवारी परत, तीही पुढे. आठ दिवस मी जेवले नाही नीट. चिमी मात्र दोन वेळचं दूध पिऊन माझ्याकडे कीव करून बघायची. शेवटी वही आणि मांजर दोन्ही घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून गंभीरपणे वाचली. हात गरम केले. डोळे मिटले.

"बाई, ही गाठ न्हवं, किडनी हाय. गुरुवारी जरा फिराय गेलती."

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. येईल त्या कुत्र्या-मांजराला त्यांच्यानंतर मी हात लावायचा आणि काय लागलं ते सांगायचं. दोनेक वर्षांत माझी बोटं बरी तयार झाली. मग त्या दिवाळीनंतर त्यांनी क्रम बदलला. आधी मला हात लावायला लावायचे. बाई, सांगा काय लागतंय, म्हणायचे. मी सांगितलं की स्वतः हात लावून मान डोलवायचे आणि बरोबर म्हणायचे. मला वाटलं, वरच्या वर्गात गेले. खूप मार्क पडत होते आणि मी खूश होते.

त्याच दिवसांत त्यांच्या हातून पेन पडायचं. कडक चहाचा ग्लास ते आरामात धरून बसायचे आणि मी म्हणायची, डॉक्टरांची कातडी म्हशीची. त्यांना साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. मुलींच्या वह्यांतलं एक स्पेलिंग चुकलेलं मला दिसायचं. हे दिसलं नाही.

गल्लीच्या टोकाला तालीम आहे. तिथले वस्ताद म्हणजे दारातून आडवे होऊन आत येणारा माणूस, दोन्ही कान कुस्तीत चुरगळलेले. मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची मैना नावाची मांजर होती, करड्या रंगाची, मूठभर. ती तालमीच्या तांबड्या मातीत झोपायची आणि तिची झोप होईपर्यंत जोर थांबायचे. नवा पैलवान कुरकुरला तर वस्ताद म्हणायचे, तुजं असं काय वजन हाय म्हून तिला उठवू.

होळीनंतरच्या आठवड्यात वस्ताद मैनेला घेऊन दवाखान्यात आले. मी नेमकी उशिरा पोचले, कारण गॅसचा सिलिंडर आला होता. तोवर डॉक्टरांनी तपासून टाकलं होतं. दोन्ही किडन्या जागेवर आहेत, लिव्हर जरा मंद आहे, टॉनिक द्या, आठवड्यानं या. वस्ताद निश्चिंत होऊन मैनेला पिशवीत ठेवत होते. मी सवयीनं पिशवीत हात घातला आणि डोळे मिटले.

उजवीकडे सुपारीएवढं काहीतरी लागलं, तसंच टणक. डावीकडे मोठ्या लिंबाहून मोठं, फुगलेलं, आणि मी जरा दाबल्यावर मैना रडली.

मी हात काढून घेतला. वस्ताद गेले. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच चुकलं. पण चिमीच्या वेळी चुकले ते माझ्याजवळ माहिती नव्हती म्हणून. आता माहिती होती. मी घरी गेले, सुपारी घेतली, कणकेची तेवढीच गोळी केली, आणि पंच्याच्या घडीत दोन्ही ठेवून ती घडी तशीच उचलून दवाखान्यात परत आले. टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांना म्हटलं, डोळे मिटा आणि कुठलं टणक आहे ते सांगा.

ते हसले. गोट्या खेळताय व्हय, म्हणाले. मग डोळे मिटून दोन्ही दाबले. परत दाबले. अंगठ्यानं दाबले, मुठीत धरले. बाहेरून रिक्षा गेली. त्यांनी डोळे उघडले ते पंच्याकडे न बघता माझ्याकडे.

"कवापासनं ठावं हाय तुमास्नी?"

"आज सकाळपासून. तुम्हाला?"

"दिवाळीपासनं."

दिवाळीपासून. म्हणजे मला वरच्या वर्गात घातलं तेव्हापासून. मी जे सांगत होते, त्यावरच दवाखाना चालला होता, आणि मान डोलवून मला मार्क देणाऱ्याला हाताखाली काही लागत नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा.

मैनेला काय लागलं ते मी सांगितलं. ते एकदम डॉक्टर झाले. एक मेलंय आणि दुसऱ्याची नळी तुंबलीय, ते म्हणाले, लघवी आतच साठतीय. दोन-तीन दिवस. त्याच्या पुढे गेलं तर मैना जात्या. पुण्याला हलवायला लागंल, आजच.

आता वस्तादांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. आख्ख्या पेठेत डॉक्टरांचा हात म्हणजे शेवटचा शब्द होता. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. मी माझ्या शिस्तीनं तोडगा काढला. चूक वगैरे काही म्हणायचं नाही. खात्रीसाठी पुण्याला एकदा दाखवून घेऊ, एवढंच म्हणायचं. डॉक्टरांना ते पटलं. तालमीपर्यंतच्या वाटेवर त्यांनी ते वाक्य तीनदा म्हणून बघितलं, पाठ न झालेल्या मुलीसारखं.

तालमीत पोरं जोर मारत होती. वस्ताद कट्ट्यावर बसून मैनेला चमच्यानं टॉनिक पाजत होते. ती पीत नव्हती. डॉक्टर त्यांच्यासमोर उभे राहिले. तिथे कुणाला तपासायचं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात काखेत घातले. मी वाट बघत होते ते वाक्य आलं नाही.

"वस्ताद, ते औषध टाकून द्या. माझी बोटं मेल्यात. सकाळी मला कायबी लागलं न्हाय, म्या अंदाजानं बोललो. बाईंच्या हाताला लागलंय."

जोर थांबले. वस्तादांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि डॉक्टरांना उचलून आखाड्यात टाकेल, आणि टाकलं तर मी काही म्हणू शकणार नाही. वस्तादांनी डॉक्टरांच्या काखेकडे बघितलं.

"माझा उजवा खांदा गेला तवा म्या दोन वर्सं कुनाला सांगितलं न्हवतं," ते म्हणाले. "पोरांस्नी समदं डाव डावीकडनं शिकवलं. आजून तशीच खेळत्यात, येडी." मग पोरांकडे न बघताच आवाज दिला, की गाडी काढा.

पुण्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. उजवं आक्रसून संपलेलं. डाव्याच्या नळीत तांदळाच्या कणीएवढा खडा. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, हे पोटावरून हातानं ओळखलं कुणी. डॉक्टरांनी सांगितलं, आमच्या हितल्या इंग्लिशच्या बाईंनी. पलीकडे जी शांतता पडली ती त्यांनी पुढे कितीतरी दिवस लोकांना करून दाखवली.

मैना घरी आली त्या आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्याचं शटर ओढलं. रोग्यांना स्वतः सांगितलं, कारणासकट. एका बाईनं विचारलं, मग इतके दिवस आमच्या टॉमीला कोण बघत होतं, तर माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. टॉमीची मालकीण अजून मला रस्त्यात गाठून त्याच्या जुलाबाचं सांगते.

पुस्तकाची शेवटची शंभर पानं राहिली होती. ती आम्ही वाचून संपवली, चार ते पाच, कारण अर्धवट ठेवलेलं मला चालत नाही. आता उपयोग काय असं मी एकदाही विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. मग ते मुरगूडजवळ आपल्या गावी भावाकडे राहायला गेले. तिथे म्हशी होत्या. फोन केला की म्हणायचे, हितं नुसतं बघितलं तरी कळतंय, म्हस तोंडावर समदं सांगत्या.

गेल्या श्रावणात ते गेले. वस्ताद आणि मी त्यांच्या गावी जाऊन आलो. गाडी वस्तादांनी चालवली. समोरच्या गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. डॉक्टरांच्या कितीतरी गोष्टी मी वर लिहिलेल्या नाहीत, कारण त्या लिहिण्यासारख्या नाहीत. ईरा सुट्टीला आली की सांगेन. निहारला नाही.

ईरा, तुझ्या परीक्षकांनी विचारलं नाही तरी एवढं लक्षात ठेव, की जनावर एका मूत्रपिंडावर जगू शकतं, ते नीट असेल तर. पुण्याच्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, वर्षभर जगली तर नशीब. त्याला सहा वर्षं झाली. मैना आता बारा वर्षांची आहे. रोज सकाळी तालमीत तिची झोप होईपर्यंत जोर थांबतात. तिचं डावं मूत्रपिंड चालू आहे.

तुमची,
आजी